लाल पत्रा

१

मोहिद्दीन शिकलगार जळून मेला, तेव्हा आग विझवणारी गाडी त्याच्या दारात उभी होती.

हे सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिलं. कुणीतरी घेतलेल्या त्या व्हिडिओत धारगावची बाजारपेठ दिसते. भर दुपार, फर्निचरच्या कारखान्यातून धुराचे लोट उठलेले. लोकांना मागे रेटून दोरी बांधलेली. दोरीच्या आत खाकी शर्टातला एक दणकट माणूस हातात नळी धरून उभा आहे. एक बाई दोरीखालून शिरते आणि त्याचे पाय धरते.

"आत हायती वो! मालक आत हायती!"

तो खाली बघत नाही. समोर बघत म्हणतो, "पत्रा न्हाई, पानी न्हाई."

पत्रा म्हणजे काय, हे जावळी तालुक्याच्या बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. धारगाव मेढ्याच्याही पलीकडे, डोंगरात. साताऱ्याहून बंब निघाला तर घाट चढेपर्यंत राख थंड होते. नगरपंचायतीची स्वतःची गाडी कित्येक वर्षं विटांवर उभी होती. तेव्हा नगराध्यक्ष क्रांती पार्टे यांनी हे काम जयराज शेलारच्या खासगी कंपनीला दिलं. जो वर्गणी भरेल त्याच्या इमारतीला कंपनी लाल पत्रा ठोकणार. पत्रा असेल तिथली आग कंपनी विझवणार. नसेल त्याचं नशीब त्याच्याजवळ.

मोहिद्दीनने भर सभेत याला विरोध केला होता. "घरपट्टी घेता, आगीचा कर घेता, आन् वर ह्यो पत्रा? एकाच म्हशीचं दूध किती येळा काढणार?" लोक खो खो हसले होते. तो मेला तेव्हा त्याच लोकांनी मान डोलावली. शहाणपणा नडला म्हणाले.

फक्त त्याची बायको दिलशाद, व्हिडिओत पाय धरणारी तीच, वेगळं सांगत होती. पत्रा होता म्हणत होती.

म्हणून विमा कंपनीने प्रियदर्शनी आरवाडेला पाठवलं. ती सांगलीची, विश्रामबागेत राहणारी. हळदीची गोदामं, सूतगिरण्या, फटाक्यांची दुकानं, जे जे जळेल तिथल्या राखेत उकिडवं बसून आग कुठे लागली आणि कशी पसरली हे शोधणं हे तिचं काम. पत्रा असलेल्या इमारतीला विम्यात सवलत होती आणि मोहिद्दीनने ती घेतली होती. पत्रा नसेल तर त्याने खोटं सांगितलं असा अर्थ झाला, आणि दिलशादला काहीच मिळणार नव्हतं.

आग कशी लागली याचं कोडं नव्हतं. पॉलिशच्या डब्यांशेजारी जुनी वायर तडकली होती.

"पत्रा कुठे होता?" तिने विचारलं.

दिलशाद तिला कारखान्याच्या दारावर नाही, बाजूच्या अरुंद बोळात घेऊन गेली. "मीच मागं लागून भरायला लावलं. सभेत एवढं बोललेवते, मग लाजंपायी हिकडं ठोकला, कुनाला दिसू नये म्हनून."

"हे पोलिसांना दाखवलंत?"

"कुटं हुता म्हनून कोन इचारतंय? पावती आतच जळली. पत्रा हुता म्हनलं की हसत्यात. पैशासाटी नवऱ्याचं मढं इकती म्हनत्यात."

प्रियदर्शनीने भिंतीकडे पाहिलं. खिडकीतून बाहेर पडलेल्या धुराने ती वरपासून खालपर्यंत काळी ठिक्कर झाली होती. फक्त खिडकीशेजारी एक चौकोन होता, पिवळ्या चुन्याचा, नुकता रंगवल्यासारखा स्वच्छ. त्याच्या कोपऱ्यांत स्क्रूची भोकं होती आणि भोकांच्या आत काजळीचा कणही नव्हता.

पत्रा कधीच नसता तर ही जागा काळी झाली असती. आगीआधी कुणी काढला असता, तरीही काळी झाली असती.

म्हणजे माणूस आत जळत होता तेव्हा पत्रा इथेच होता. तो नंतर काढला गेला. आणि गाडी आल्यापासून पोलीस येईपर्यंत कंपनीच्या माणसांनी सोडल्याशिवाय दोरीच्या आत कुणालाच जाता येत नव्हतं.

२

शेजारचं दुकान झिशान बागवानचं. प्लायवूड, रंग, सिमेंट. त्याच्या दारावर लाल पत्रा लखलखत होता. बाजारपेठेतून चालत येताना प्रियदर्शनीला दर दुकानावर तो दिसला होता. आगीनंतर पत्र्यांसाठी कंपनीच्या दारात रांग लागली होती.

"मोहिद्दीनभाई आपला मानूस हुता," झिशान म्हणाला. "पन भाभी खोटं बोलतीया, मॅडम. त्यांच्या दारावर पत्रा मी कवाच बघितला न्हाई. माझं दुकान वाचलं ते पत्र्यानं. गाडीवाल्यांनी माझी भिंत भिजवत ठेवली, म्हनून आग हिकडं आली न्हाई."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी मागच्या दारानं माल काढत हुतो. पन गुंडाभाऊ नळी घेऊन हितंच हुता की. समद्यांनी बघितलं."

भिंतीला लागून सिमेंटची थप्पी होती. वरच्या ताडपत्रीला ठिणग्यांनी चाळणीसारखी भोकं पडलेली.

"हे सिमेंट त्या दिवशीही इथेच होतं?"

"व्हय. एवढं वजन कोन हलवतंय?"

"किती पोती वाया गेली?"

झिशानने अभिमानाने मान हलवली. "एक बी न्हाई. त्यातलीच विकतोय अजून."

प्रियदर्शनीने वरच्या पोत्याच्या जळक्या भोकात बोटं घातली. सिमेंट पिठासारखं मऊ होतं, बोटांतून भुरभुर सांडलं.

ज्या भिंतीवर पाण्याचा मारा झाला, तिच्या पायथ्याशी, फाटक्या ताडपत्रीखाली, सिमेंटचा दगड झाला नव्हता.

तिने झिशानला काही सांगितलं नाही. रुमालाने बोटं पुसली आणि ती जयराज शेलारकडे गेली.

३

जयराज हसतमुख माणूस होता. त्याने चहा मागवला, आणि वाईट वाटतं असं चहा येईपर्यंत दोनदा म्हणाला.

"मी त्या दिवशी तुमच्या सांगलीतच होतो. मुलीच्या कॉलेजचं काम होतं, विश्रामबागेत. प्राचार्यांकडे बसलो म्हणून फोन बंद ठेवला होता. बाहेर आलो तर हे सगळं झालेलं."

"पत्रा होता म्हणतात."

"मग त्या कारखान्याच्या दाराची चौकट अजून उभी आहे. जाऊन बघा, एखादं भोक तरी सापडतंय का. आमच्या संगणकात नाव नाही, चौकटीवर खूण नाही. बाईंच्या शब्दावर काय चालणार?"

संगणकातलं नाव एका बोटाने पुसता येतं, हे दोघांनाही माहीत होतं.

गाडी आवारात उभी होती, धुऊन पुसून चकचकीत. प्रियदर्शनी तिच्याभोवती फिरली. पाण्याचा काटा पूर्ण भरल्याचं दाखवत होता. मागच्या बाजूला, जाड नळ्यांच्या जोडांखाली, एक पितळी तोटी होती. घरावरच्या टाकीत पाणी सोडताना साधा पाइप लावतात तशी. असली तोटी तिने आजवर एकाही बंबाला पाहिली नव्हती.

"ही कशाला?"

"गाडी धुवायला," जयराज म्हणाला. पण त्याचं हसू चेहऱ्यावर आहे तिथेच थिजलं होतं.

डोंगरातला एप्रिल होता. वरच्या अंगाला बांधकामं चालू होती, पाहुण्यांसाठी नवीन हॉटेलं उठत होती, आणि विहिरींनी तळ गाठला होता.

४

क्रांती पार्टे अर्थशास्त्रात एम.ए. होत्या. त्यांच्या टेबलावर ना देवाचा फोटो होता ना नेत्याचा. बोलणं थेट.

"तुम्ही मला राक्षसीण समजून आला असाल. समजा. पण माझ्याआधी इथे काय होतं ते विचारा. विटांवर उभी गाडी. तिला चालक होता, त्याला पगार होता, गाडीला चाकं नव्हती. मुंबईहून अनुदान यायचं ते पगारात जायचं, आणि उन्हाळ्यात गवताच्या गंज्या जळायच्या त्या जळायच्याच. कर सगळ्यांकडून, सेवा कुणालाच नाही. याला तुम्ही दयाळू सरकार म्हणता?"

"नाही म्हणत," प्रियदर्शनी म्हणाली.

"डोंगरावरच्या झोपडीतल्या बाईने व्यापाऱ्याच्या गोदामासाठी कर का भरावा? ज्याला सेवा हवी त्याने किंमत मोजावी. किंमत मोजली की हक्काने मागता येतं. पण न भरणाऱ्याचीही आग विझवली, तर उद्या कोण भरेल? शेवटी गाडी परत विटांवर जाईल."

"पण तुमच्याच करारात लिहिलंय, जीव वाचवायला पत्रा लागत नाही."

"ते कलम मीच घातलं." पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "आत जायचं की नाही हे पथकाने जागेवर ठरवायचं असतं. छप्पर खचत होतं. त्या माणसांना मी दोष देणार नाही."

"आणि दिलशाद?"

"दुःखात माणूस काहीही बोलतो. पत्रा लोक दारावर मिरवतात हो. पैसे भरून बोळातल्या भिंतीवर लपवून कोण ठोकेल?"

प्रियदर्शनीने कप अलगद खाली ठेवला.

झिशान दाराबद्दल बोलला होता. जयराज दाराच्या चौकटीबद्दल. सगळं गाव पत्रा दारावर नव्हता म्हणत होतं. बोळ हा शब्द दिलशादने एकट्या प्रियदर्शनीजवळ उच्चारला होता, आणि तोही त्याच सकाळी.

५

व्हिडिओत नळी धरून उभा असलेला गुंडा धनावडे गावाबाहेर, वस्तीवर राहायचा. फौजेतून निवृत्त झालेला. व्हिडिओ फिरल्यापासून किराणा दुकानदार त्याला सामान देत नव्हता. प्रियदर्शनी पोचली तेव्हा तो अंगणात लाकडं फोडत होता.

"कसाई म्हनायला आलायसा? म्हना. समदा म्हाराष्ट्र म्हनतोय."

"मी नाही म्हणत. मला एवढंच कळत नाही, कसाई असतात तर असं का वागलात?"

कुऱ्हाड थांबली.

"बघा," ती ओट्यावर बसत म्हणाली. "नियम सांगतो, जीव वाचवायला पत्रा लागत नाही. म्हणजे नियमाने पाणी मारायला हवं होतं. बरं, पत्रा नाही म्हणून नाही मारलं म्हणावं, तर पत्रा होता. बोळातल्या भिंतीवर त्याची जागा कोरी राहिलीय. बरं, शेजारची भिंत भिजवत होतात म्हणावं, तर तिच्याखालचं सिमेंट अजून पीठ आहे. पत्रा असलेल्यालाही पाणी नाही आणि नसलेल्यालाही नाही. अशा माणसाला निर्दयी म्हणत नाहीत, भाऊ. त्याच्याजवळ पाणीच नसतं. तुम्ही त्या व्हिडिओत म्हणालात ना, पत्रा नाही, पाणी नाही? पत्र्याचं चुकलं. पाण्याचं खरं होतं."

गुंडा लाकडाच्या ढिगावर बसला.

"वाल खोलला," तो म्हणाला, "तर नुस्ता वारा आला. फुस्स करून. सकाळी मालकानं वरच्या हाटेलात पानी इकलंवतं. गाडीत नुस्तं पडून ऱ्हातंय म्हनायचा, माल फिरता पायजे. सांजच्याला भरायची हुती."

"मग?"

"मालकाचा फोन बंद. मग क्रांतीताईस्नी लावला. पानी न्हाई, आन् मानूस आत हाय, म्हनलं. त्या म्हनल्या, पत्रा हाय का दारावर? मी म्हनलं, न्हाई. तर म्हनल्या, मंग त्येच सांग. दुसरा शबूद काडू नगंस. लोकास्नी दोरीच्या मागं ठेव, नळीजवळ कुनी येता कामा न्हाई."

"आणि तुम्ही ठेवलंत."

"ठेवलं." त्याने दोन्ही तळवे मांड्यांवर घासले. "समद्यांस्नी वाटतंय मी दगडाच्या काळजाचा हाय. तसं न्हाई, मॅडम. मी दोनदा आत जायला निघालो आन् दोनदा मागं फिरलो. भ्यालो. बॉर्डरवर नव्हतो भ्यालो, हितं भ्यालो. त्यो आतनं हाका मारत हुता. माझं नाव म्हाईत हुतं त्याला. 'गुंडाभाऊ, पानी मार की रं' म्हनायचा."

प्रियदर्शनीने विचारलं, "पत्रा कुणी काढला?"

"आग इझल्यावर ताई आल्या. बोळात त्यांनाच दिसला. तोंड पांढरं झालं त्यांचं. बघत ऱ्हायल्या. मंग म्हनल्या, काड. म्या काडला. गरम हुता अजून. त्यांनी पदरात धरून नेला."

६

क्रांती पार्टेंनी सगळं ऐकून घेतलं. प्रियदर्शनी थांबली तेव्हा त्यांनी उठून दार लावलं.

"गुंडा जबाब देणार?"

"देणार. सिमेंटही आहे, भिंतही आहे. हॉटेलवाल्याने पाणी घेतल्याचं कबूल केलंय."

"मग ऐका. मला फोन आला तेव्हा दोनच गोष्टी करता येत होत्या. गाडी कोरडी आहे हे सांगायचं, किंवा आम्ही विझवत नाही हे सांगायचं. कोरडी गाडी म्हणजे घोटाळा. लोक घोटाळ्याला हसले असते, शिव्या घातल्या असत्या, आणि सगळं परत सरकारच्या मांडीवर गेलं असतं, विटांवर. नाही म्हणणं हे धोरण असतं. लोक त्याला भितात. भितात म्हणून भरतात. बाजारपेठेत पत्रे पाहिलेत ना तुम्ही? पुढच्या आगीला तिथे पाणी असेल."

"तिसरी गोष्ट होती. लोकांना दोरीच्या आत सोडायचं. भिंत फोडायला, वाळू टाकायला, काहीतरी करायला."

"म्हणजे नळी कोरडी आहे हे त्यांनी पाहिलं असतं."

"हो."

क्रांती परत खुर्चीत येऊन बसल्या.

"तुम्ही मला सरकार कसं नासतं ते सांगितलंत," प्रियदर्शनी म्हणाली. "ते खरं आहे. पण मोहिद्दीन गिऱ्हाईक होता, बाई. त्याने किंमत मोजली होती. तुमच्याच हिशोबाने त्याचा हक्क होता. तुम्ही बाजार नाही वाचवलात. जयराजला वाचवलंत. विटांवरच्या गाडीने निदान कुणाला 'मी येते' असं खोटं सांगितलं नव्हतं."

"पत्रा आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं."

"माणूस आहे हे ठाऊक होतं."

बाहेर कुणीतरी दाखल्यासाठी हुज्जत घालत होतं. क्रांतींनी खिडकी लावून घेतली. मग टेबलाचा खालचा खण उघडला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्रा काढून समोर ठेवला. एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला कोरा करकरीत.

"फेकून द्यायला कितीदा निघाले," त्या म्हणाल्या. "फोन चालू असताना मला त्याच्या हाका ऐकू येत होत्या. गुंडाच्या आवाजाच्या मागून. मी फोन थोडा लांब धरला, आणि काय बोलायचं ते बोलले."

त्यांनी हे रडत सांगितलं असतं तर प्रियदर्शनीला कदाचित बरं वाटलं असतं. त्या अंदाजपत्रक वाचून दाखवावं तशा बोलल्या.

७

जयराज आणि क्रांती पार्टे दोघांनाही साताऱ्याला नेलं. गुंडा आपण होऊन पोलिसांच्या गाडीत बसला. गावाने आठवडाभर बाजारपेठ बंद ठेवली, निषेधाच्या सभा घेतल्या. पण दारावरचे लाल पत्रे कुणी काढले नाहीत. दुसरी कंपनी येणार अशी बोलवा होती, तिने जुने पत्रे मानले तर बरं, असं झिशान म्हणाला. सरकारी गाडीची तर कुणाला आशाच नव्हती.

प्रियदर्शनी अहवाल पाठवून दिलशादकडे गेली. आता तुम्हाला कुणी खोटं म्हणणार नाही, विमा पूर्ण मिळेल, एवढंच तिला सांगायचं होतं. जे घडलं ते तिने पहिल्यापासून सरळ सांगितलं. दिलशाद पाटावर बसून ऐकत होती. मधेच तिने हात वर केला.

"म्हंजी गाडीत पानी न्हवतंच?"

"नव्हतं."

"आली तवापास्नं न्हवतं?"

"सकाळीच संपलं होतं."

दिलशादने मान हलवली, जणू कुणी किरकोळ हिशोब समजावून सांगितला होता.

"मला वाटायचं, त्यांनी दिलं न्हाई. दुस्मनी काडली म्हनून न्हाई दिलं. त्यावर मी जगत हुती, ताई. रोज त्या मानसाला शिव्या द्यायची आन् झोपायची." तिने पदर तोंडाशी धरला. "आग लागली तवा गाडी यायच्या आदी शेजारची साळूबाई घागर घेऊन पळत आलीवती. मागं आख्खी आळी. मागच्या दाराला अजून जाळ न्हवता. घागरी वतत आत शिरू म्हनली ती, मालकास्नी वडून काडू. मीच तिचा हात धरला. म्हनलं, नगं गं, तुमी भाजशीला. आपुन पैसं भरल्यात. आपला पत्रा हाय, गाडी येतीया."

"तुमचं काय चुकलं?" प्रियदर्शनी म्हणाली.

"ती गेली मागं," दिलशाद म्हणाली. "माझं ऐकून गेली."